लिंटेलचं काय करायचं

"सर, हा चिरा कशावर बसलाय?"

माझ्याकडे शिकायला आलेल्या मुलीने गेल्या जूनमध्ये विचारलं. रत्नागिरीजवळचं घर, चार फुटी खिडकी आणि तिच्या डोक्यावर जांभ्याच्या चिऱ्यांची सरळ रांग. कमान नाही, तुळई नाही. चिरा दाब सोसतो, ताण नाही. चार फूट तो अधांतरी राहणारच नाही. आत वरचा भार उचलणारी काँक्रीटची आडवी पट्टी, म्हणजे लिंटेल होतं आणि त्यावर मी जांभ्याच्या इंचभर जाडीच्या चकत्या चिकटवल्या होत्या. त्या भिंतीचे फोटो छापून आले. ‘कोकणच्या मातीतलं घर’ म्हणून लोकांनी वाखाणलं, मी ते कौतुक घेतलं. कात्रण अजून माझ्या खणात आहे.

जुलैत दोन चकत्या सुटून पडल्या. जांभा पाणी पितो. त्या ओलीने चकत्यांची पकड कधीच सुटली होती.

तेव्हापासून लिंटेल डोक्यातून जात नाही. उघडं ठेवलं तर लाल भिंतीवर राखाडी पट्टा. कमान घालावी तर चिरे पाचरीसारखे तासणारा हात हवा. माझा गवंडी दोन वर्षांपूर्वी वारला, तसा दुसरा मला मिळाला नाही. शिवाय कमान जितकी चपटी, तितकी ती बाजूच्या भिंती बाहेर ढकलते. कोपऱ्यालगतच्या खिडकीला हे झेपत नाही.

वास्तुकार लुई कानने अहमदाबादच्या आयआयएममध्ये हाच पेच उघड्यावर सोडवला. विटांची चपटी कमान आणि तिची दोन्ही टोकं धरून ठेवणारी काँक्रीटची तुळई. ढकलतंय कोण, धरतंय कोण, खाली उभं राहून कळतं. विद्यार्थी असताना मी तिथे बसून त्याचं स्केच केलं होतं. तरीही चकत्या लावल्या.

आरसीसीच्या सांगाड्यावर विटांच्या टाइल्स लावून त्याला ‘एक्स्पोज्ड ब्रिक’ म्हणणाऱ्यांना मी वर्षानुवर्षं चारचौघांत नावं ठेवली. एकाखाली एक आलेले उभे सांधेच सांगतात की ती भिंत काही उचलत नाही. माझे सांधे मात्र मी नीट सांधमोड करून बसवले होते, कुणाला कळू नये म्हणून. ते जास्त वाईट.

मार्चमध्ये घरमालकांना सगळं सांगून पहिल्या खिडकीच्या चकत्या काढल्या. काँक्रीटवर शटरिंगच्या फळीच्या शिरा उमटल्या होत्या, एका जागी लाकडाची गाठसुद्धा. राखाडी पट्टा दिसतो, आणि तो मला अजून खुपतो.

उरलेल्या नऊ खिडक्या पावसाआधी करायच्या आहेत. खर्च माझा आहे.