मुंगूस की मॉन्गूस?

यंदा आमच्या प्रोजेक्टमध्ये 'मॉन्गूस' आहे. नोड आणि मोंगोडीबी यांच्या मधे बसून डेटाला शिस्त लावणारी लायब्ररी. मी तिला सरळ 'मुंगूस' म्हणतो, आणि दर वेळी कोणीतरी हसून मला उच्चार शिकवतो. मी खुलताबादचा, दहावीपर्यंत मराठी मीडियम. असल्या उच्चार-मास्तरांच्या धाकाने मी फर्स्ट इयरला वर्गात एक शंका विचारली नाही. आजही मागच्या बाकांवर तशी बरीच पोरं गप्प बसलेली दिसतात.

पण या शब्दाच्या बाबतीत मी हटणार नाही, कारण तो इंग्रजांनी आपल्याकडूनच नेलाय! हिंदीतला नेवला नव्हे, मराठीतला मुंगूस. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७३ साली हिंदुस्थानात आला, मुंबईत राहिला, जुन्नरलाही जाऊन आला. त्याचं प्रवासवर्णन १६९८ साली लंडनला छापलं गेलं, त्यात हा शब्द आहे. आमच्या गावात ज्याची कबर आहे तो औरंगजेब तेव्हा अजून दख्खनमध्ये लढत होता, एवढी जुनी ही गोष्ट.

शेवटी 'गूस' दिसतं म्हणून हंसाशी नातं जोडू नका. साहेबाच्या कानाला जे ओळखीचं वाटलं तसं स्पेलिंग झालं, इतकंच. म्हणून तर 'गूस'चं अनेकवचन 'गीस', पण याचं सहसा 'मॉन्गूसेस'. आणि आपणही फार कॉलर ताठ करू नये. तेलुगूत मुंगिस आहे, कन्नडात मुंगुसि. कोणी कोणाकडून घेतला, ते भाषावाल्यांनी ठरवावं.

आमच्याकडे मुंगूस दिसणं शुभ. बांधावर दिसलं की आम्ही पोरं त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगायचो, आणि ते पठ्ठं कधी कधी खरंच वळून बघायचं! इंग्रजांनी मात्र त्याला कामाला जुंपलं. १८७२ साली जमैकात उसातले उंदीर मारायला भारतातून मुंगसं नेली. त्यांनी उंदरांबरोबर पक्ष्यांची अंडीही फस्त केली. नाव तिकडेही आपलंच राहिलं.

जाता जाता रेक्टर सरांना एक विनंती. मेसच्या मागच्या गवतात एक जोडी राहते. पावसाळ्यानंतर गवत काढाल तेव्हा कंपाउंडलगतचा तेवढा कोपरा सोडा.