लेकीची पहिली शिकार

टेक्ससमध्ये रानडुकरांना हंगाम नाही, किती मारावीत याला मर्यादा नाही. 2019 पासून खासगी जमिनीवर मालकाची संमती असली की परवानाही लागत नाही. सिंधुदुर्गात वाढलेल्या मला हे पटकन पचलं नाही. आमच्याकडे डुकरं एका रात्रीत पिकलेलं भात लोळवतात. वडील माळ्यावर बसून डबे बडवायचे, राखण करायचे. पण वनखात्याच्या परवानगीशिवाय डुकराला हात लावायचा नाही. म्हणून लॅनो नदीकाठच्या एका रँचवाल्या आजोबांनी माझ्या अकरा वर्षांच्या लेकीला शिकारीला बोलावलं, तेव्हा काय उत्तर द्यावं तेच सुचेना. मी कधी बंदूक हातात धरलेली नाही. तिने मात्र मैत्रिणीबरोबर राज्याचा शिकारी-शिक्षणाचा कोर्स पूर्ण केला होता.

संध्याकाळी आम्ही मचाणासारख्या लाकडी खोक्यात बसलो. समोर मका सांडणारा फीडर, मागे मेस्किटची झुडपं. वारा तोंडावर हवा, आजोबा म्हणाले. डुकराला दिसतं कमी, पण वास दुरून लागतो. अंधार पडायच्या बेताला कळप आला. लेकीने एका मादीवर नेम धरून रायफल टेकवली आणि थांबली. बराच वेळ थांबली. मला वाटलं, घाबरली. ‘‘बाबा, तिच्या मागे दुसरं उभं आहे,’’ ती कुजबुजली. गोळी आरपार जाऊ शकते, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मागचं डुक्कर सरकलं, मग तिने चाप ओढला.

मादी झुडपांपर्यंत धावली आणि पडली. लगेच जवळ जायचं नसतं, म्हणून आम्ही थांबलो. नंतर आजोबांनी आधी रबरी हातमोजे दिले, कारण रानडुकरांच्या रक्तातून ब्रुसेलोसिस हा आजार माणसाला होऊ शकतो. सोलताना सडांत दूध दिसलं. लेकीचे हात थांबले.

‘‘हिची पिल्लं कुठे असतील?’’

मी काहीतरी गोड खोटं सांगणार होतो. आजोबांनी सांगू दिलं नाही. पिल्लं फार लहान असतील तर जगणार नाहीत, ते म्हणाले. मग तिच्याशी मोठ्या माणसासारखं बोलले: मादी वर्षाची व्हायच्या आत विऊ शकते, गाभणपण चार महिन्यांहून कमी, आणि कळपाने उकरलेलं कुरण हे बघ. स्पॅनिश लोकांनी पाळीव डुकरं आणली, 1930 च्या दशकात इथल्या माणसांनी शिकारीसाठी युरोपातली रानडुकरं सोडली, दोन्ही मिसळली.

‘‘म्हणजे चूक माणसांची,’’ ती म्हणाली.

‘‘हो,’’ आजोबा म्हणाले.

ती रडली, आणि रडतच तिने मांस बर्फात भरायला मदत केली. त्या उत्तरासाठी मी आजोबांचा ऋणी आहे. मुलाच्या हाती चाप द्यायचा तर हे सगळंही द्यायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

घरी मालवणी मसाल्यात सुकं केलं. आत 71 अंश सेल्सिअस होईपर्यंत शिजवायचं, म्हणून लेक थर्मामीटर घेऊन उभी. पुन्हा जायचं का, ते तिने अजून ठरवलेलं नाही. मी मात्र त्या कोर्सला नाव घातलं आहे. ती गेली तर शेजारी बसणाऱ्याला निदान मागे काय उभं आहे ते दिसायला हवं.