सेकंड हॅण्ड समुद्र

आई फोनवर थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘अगं, लोक सेकंड हॅण्ड अ‍ॅक्टिव्हा घेतात. होडी कोण घेतं?’’

प्रश्न एकदम बरोबर होता. मी फ्रीलान्सर. महिन्याच्या वीस तारखेनंतर पेमेंटच्या मेसेजची वाट बघणारी. माझे दोन पार्टनर म्हणजे एक आयटीवाला आणि एक बँकवाली, दोघांच्याही डोक्यावर फ्लॅटचे हप्ते. पण दोन सीझन शनिवार-रविवार दुसऱ्यांच्या होड्यांवर सेलिंग शिकल्यावर एक गोष्ट कळली होती. मुंबईच्या तिन्ही बाजूंना समुद्र आहे आणि आपण त्याच्याकडे पाठ करून लोकल पकडतो. शिडाची होडी म्हणजे क्लबवाल्यांचा, बंगलेवाल्यांचा खेळ, असं आपणच ठरवून टाकलंय. म्हटलं, बघू तरी किती महाग आहे ते.

प्रत्येकी ७५ हजार काढले. एकूण सव्वादोन लाख. त्याच्या वर एक रुपया नाही, असं टिश्यू पेपरवर लिहून तिघांनी सह्या केल्या.

दोन लाकडांची सांगड

‘कॅटमरान’ म्हटलं की मुंबईकराला गेटवेहून मांडव्याला जाणारी बोट आठवते. ती मोठी, इंजिनाची. आम्हाला हवी होती तिची लहान बहीण : दोन अरुंद अंगं (त्यांना हल म्हणतात), मध्ये ताणलेली जाळी, एक डोलकाठी, दोन शिडं. बस्स. शब्द मूळचा तमिळ, ‘कट्टुमरम्’ म्हणजे बांधलेली लाकडं. आणि आपल्याकडे दोन होड्या किंवा दोन भोपळे एकत्र बांधले की त्याला सांगड म्हणतात. आपण रोज ‘सांगड घालतो’ ती हीच!

या वर्गातलं सगळ्यात गाजलेलं मॉडेल म्हणजे होबी १६. कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या होबी आल्टरने १९७०च्या सुमारास ते बाजारात आणलं. पाच मीटर लांब, वजन साधारण १४५ किलो. जगभर एक लाखाहून जास्त बनल्या. हल केळ्यासारखे वळलेले, खाली पाण्यात सोडायची फळी नाही, सुकाणू वर उचललं जातं. म्हणजे जेट्टी नको, सरळ वाळूतून पाण्यात ढकलायची. आमच्यासारख्यांसाठी हा सगळ्यात मोठा मुद्दा, कारण जेट्टीवरची जागा कुणाला परवडते?

किहीमच्या सुरूखाली

पहिली होडी पाहिली ती नव्या रंगात नुसती चमकत होती. मी तर लगेच फोटो काढायला लागले. सोबत आलेल्या आमच्या सेलिंगच्या सरांनी खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि हलवर ठोकत गेले. टण, टण, टण... आणि डोलकाठीच्या पुढे आल्यावर भद्द. फायबरचे दोन थर आणि मधला फोम एकमेकांपासून सुटले की असा आवाज येतो. अंगठ्याने दाबलं तर पृष्ठभाग आत गेला. रंगाखाली म्हातारपण लपवलं होतं. आम्ही चहा पिऊन परत.

दुसरी सापडली किहीमला. गेटवेहून मांडवा, तिथून रिक्षा. (पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात. पण २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रोचाही पर्याय आहे.) किनाऱ्यावरून दक्षिणेकडे पाहिलं की समुद्रात खांदेरी दिसते. मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली त्यातला हा एक. आणि आमची होडी? सुरूच्या झाडाखाली, कोरड्या पानांत अर्धी गाडलेली. जाळीला भोकं, शिडाचा मूळ रंग लाल की नारिंगी हे सांगता न येणारा.

पण नाणं सगळीकडे टणटण वाजलं.

मग साबणाच्या पाण्याची परीक्षा. हलच्या पाणी काढायच्या भोकाला नळी लावून तोंडाने हवा फुंकायची आणि सांध्यांवर फेस लावायचा. बुडबुडे आले तर तिथून पाणी आत जातं. (कॉम्प्रेसर लावायचा मोह टाळा, जोर जास्त झाला तर सांधेच उसवतात.) बुडबुडे एकाच ठिकाणी आले. तळ मात्र वर्षानुवर्षं वाळूवरून ओढून पातळ झाला होता. त्यावर बोट ठेवून आम्ही भाव पाडला. मालक काका पावणेदोन लाखांवरून सुरू झाले, एक लाख वीस हजारांवर थांबले. वर म्हणाले, ‘‘माझी मुलं अमेरिकेत. तुम्ही तरी चालवा.’’

शीड की तार?

उरले एक लाख पाच हजार. आणि इथे आमची मैत्री बुडता बुडता वाचली.

मला नवं शीड हवं होतं. कबूल करते, इन्स्टाग्रामसाठीच. निळं-पिवळं, दुरून दिसणारं. आयटीवाला माझ्या बाजूने. बँकवाली म्हणाली, आधी तारा. तारा म्हणजे डोलकाठीला तीन बाजूंनी ताणून धरणाऱ्या स्टीलच्या दोऱ्या. वरून अगदी ठणठणीत दिसत होत्या. ‘‘पैसे दिसतील तिथे खर्च करू ना,’’ मी म्हणाले. ती चिडून घरी गेली. आठ दिवस ग्रुपवर फक्त ब्ल्यू टिक.

मग फायबरचं काम करणाऱ्या मिस्त्रीमामांनी तारेच्या खालच्या टोकावरचं प्लॅस्टिकचं कव्हर सहज वर सरकवलं. आत एकोणीस पदर पिळलेले असतात. त्यातले तीन तुटलेले, गंजाने काळे. ‘‘ताई, ही वाऱ्यात सुटली तर काठी डोक्यावर येईल,’’ एवढंच म्हणाले आणि कामाला लागले. मी बँकवालीला फोटो पाठवला. खाली लिहिलं, सॉरी.

शेवटी हिशेब असा झाला :

* हलचा तळ आणि गळती, फायबरकाम : २८ हजार
* नव्या तारा (नागदेवी स्ट्रीटवर शोधून, ३१६ ग्रेडचं स्टील) : ३२ हजार
* जाळी, ताडपत्री शिवणाऱ्याकडून : १४ हजार
* सुकाणूचे खिळखिळे बुश, लेथवाल्याकडून नायलॉनचे : साडेतीन हजार
* दोर : साडेआठ हजार
* तीन लाइफ जॅकेट : ९ हजार

एकूण ९५ हजार. शिल्लक १० हजार. शीड तेच, ठिगळ लावून.

खारे आणि मतलई

शाळेत भूगोलात पाठ केलेले खारे आणि मतलई वारे आठवतात? ते परीक्षेनंतर पहिल्यांदाच उपयोगी पडले. सकाळचा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, म्हणजे काही बिघडलं तर तुम्हाला आत नेतो. दुपारचा खारा वारा किनाऱ्याकडे आणतो. म्हणून नवशिक्यांनी दुपारीच उतरायचं. भरतीचा हिशेब गावात कॅलेंडरवर करतात : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास भरती. अ‍ॅप नंतर उघडून पाहिलं, फारसा फरक नव्हता.

पहिल्याच रविवारी वारा भरला, एक हल पाण्याबाहेर उचलला गेला आणि आम्ही तिघं आनंदाने ओरडलो. पुढच्या क्षणी नाळ पाण्यात घुसली आणि तिघं पाण्यात. चूक आमचीच. अशा वेळी सगळ्यांनी मागे सरकायचं असतं, आम्ही पुढे बसून व्हिडिओ काढत होतो. डोलकाठीचं टोक खालच्या रेतीत रुतलं. दोर धरून मागे झुकलो, काठी हलेना. शेवटी जवळून जाणाऱ्या मचव्यातले दोन कोळी काका आले. त्यांनी काठी सोडवली, आम्ही नाळ वाऱ्याकडे वळवली आणि होडी उभी राहिली.

‘‘पोरांनो, होडी बरी हाय तुमची,’’ एक काका म्हणाले. थोडं थांबून, ‘‘तुम्ही शिका.’’

तारा जागच्या हलल्या नव्हत्या. जुन्या असत्या तर? तिघांच्याही मनात तेच होतं, कुणी बोललं नाही. उरलेल्या दहा हजारांतून डोलकाठीच्या टोकाला बसणारा फ्लोट घेतला. आता होडी उलटली तरी काठी खाली जात नाही.

तुम्हीही विचार करत असाल तर तीनच गोष्टी सांगते. आधी दुसऱ्याच्या होडीवर शिका. होडी ठेवण्या-चालवण्याच्या परवानगीची चौकशी पैसे देण्याआधी मेरिटाइम बोर्डाच्या स्थानिक बंदर कार्यालयात करा. आणि बजेटचा पहिला रुपया जे दिसत नाही त्यावर घाला. दिसणाऱ्या गोष्टी थांबतात.

गेल्या महिन्यात आई किहीमला आली. होडी वाळूवर होती. चपला काढून ती जाळीवर बसली, हाताने दाबून पाहिली, मग वर बघून म्हणाली, ‘‘एवढे पैसे घातलेत आणि शीड हे असलं?’’

‘‘आई,’’ मी म्हणाले, ‘‘तारा नव्या आहेत.’’

तिने एक तार दोन बोटांनी ओढून पाहिली. मग म्हणाली, ‘‘बरं. मला कधी नेतेस?’’