तयार इंजिन की आपलंच?

मंडळी, आंब्याच्या पेट्या वाहणारी आमची जुनी बोलेरो गेल्या पावसात ऑइल प्यायला लागली. बांधून ठेवलेलं तयार इंजिन दोन दिवसांत बसत होतं. बघायला गेलो, हात लावला तर गरम! सोबतचा मेकॅनिक हळूच म्हणालो, "दादानू, थंड इंजिन चालू करून दाखवूदेत." गरम इंजिन कमी कॉम्प्रेशन लपवतं. बोअर किती वाढवलं, क्रँक किती घासली, हे लिहून द्यायलाही विकणारा तयार नव्हता.

शेवटी आपलंच खोललं. बोअरिंग, पिस्टन-रिंगा, क्रँक ग्राइंडिंग, नवीन बेअरिंग. तीन आठवडे गाडी उभी, पण मापांचं बिल हातात. इंजिन नंबर तोच; दुसरं बसवलं असतं तर ओरोसला आरटीओत नोंद करावी लागली असती.

इंजिनकाम पावसातच काढा. आंबा तयार झाला की घाईत काहीही गळ्यात पडतं.