अकरा महिन्यांचं घर

“वकीलसाहेब, अकरा महिन्यांचा एक बॉण्ड करून द्या.”

जून लागला की शेवगावातल्या माझ्या ऑफिसात हे वाक्य दिवसातून दोन-तीनदा तरी कानावर पडतं. बदलून आलेले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, एसटीचे चालक-वाहक, कॉलेजच्या पोरांचे वडील. कुणाला नेवासा रोडला खोली मिळालेली असते, कुणाला पाथर्डी रोडला. भाडं, डिपॉझिट, लाइटचा सबमीटर, पाणी किती दिवसांआड येतं, हे सगळं आधीच बोलून झालेलं असतं. कागद टाइप होत असताना भाडेकरू झेरॉक्स आणायला बाहेर गेला की घरमालक हळूच विचारतो, “हा बसणार तर नाही ना?” सह्या झाल्या, मालक निघून गेला की भाडेकरू मागे रेंगाळतो, “मधेच उठवणार नाहीत ना?”

बसणं आणि उठवणं. वीस वर्षं भाडेकरार लिहितोय. भाड्याच्या साऱ्या कायद्याच्या मुळाशी हीच दोन क्रियापदं आहेत, असं माझं मत झालंय.

आपल्याकडे भाडेकरू म्हणजे ज्याचं अजून ‘काही झालं नाही’ असा माणूस. सोयरीक जुळवताना ‘घर स्वतःचं आहे ना?’ हा प्रश्न पहिल्या पाचांत असतोच. पैसा जास्त तिथे घरमालक जास्त, असा आपला सरळ हिशेब. जगाचे आकडे मात्र भलतंच सांगतात. स्वित्झर्लंडसारख्या श्रीमंत देशात दहापैकी जवळपास सहा कुटुंबं भाड्यानं राहतात. जर्मनीत निम्म्याहून जास्त लोक भाडेकरू. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये साधारण तिसरा हिस्सा. आणि ज्याला युरोपातले लोक गरिबांत धरतात, त्या रोमानियात शंभरातले पंच्याण्णव जण स्वतःच्या घरात. 1989 मध्ये तिथली साम्यवादी राजवट कोसळली आणि सरकारी फ्लॅट त्यात राहणाऱ्यांनाच स्वस्तात विकून टाकले गेले. अख्खा देश घरमालक झाला, पण त्यानं श्रीमंत झाला नाही.

या यादीत आपण रोमानियाच्या शेजारी बसतो. 2011 च्या जनगणनेत देशातल्या 86.6 टक्के कुटुंबांनी घर स्वतःचं असल्याचं सांगितलं, भाड्याचं म्हणणारी 11.1 टक्के. खेड्यांत तर भाडेकरू फक्त 3.4 टक्के. शहरांत 27.5. गंमत अशी, की 1961 मध्ये आपल्या शहरांतली निम्म्याहून जास्त कुटुंबं भाड्यानं राहत होती. शहरं वाढली, माणसं लोटली, आणि भाड्याच्या घरांचा वाटा निम्म्यावर आला. त्याच 2011 मध्ये शहरांतली एक कोटीहून अधिक घरं रिकामी होती. म्हणजे घरं आहेत, राहायला माणसं आहेत, मधे कुलूप आहे.

हे कुलूप कुठून आलं? त्याचं उत्तर मुंबईत आहे. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानं भाडी गोठवली ती सप्टेंबर 1940 च्या पातळीवर. महायुद्धानंतरची टंचाई, फाळणीचे निर्वासित. त्या काळात ते गरजेचंच होतं. पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा पन्नास वर्षं मुक्कामाला राहिला. चाळीच्या खोलीचं भाडं चहा-पाण्याच्या खर्चाइतकं उरलं, मालकांनी डागडुजी सोडली, व्यवहार पागडीच्या एकरकमी पैशांवर गेला आणि चाळी टेकूंवर उभ्या राहिल्या. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात ही गोठवणूक आता अवाजवी झाल्याचं सांगितलं. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 आला, 31 मार्च 2000 पासून लागू झाला. जुन्या भाड्यांत वर्षाला चार टक्के वाढ मिळाली, पागडीला कायद्याचं छप्पर मिळालं. पण ‘भाडेकरू बसतो’ ही भीती तोवर गिरगावातून निघून गोदाकाठापर्यंत पोचली होती. ज्या मालकानं आयुष्यात मुंबईची चाळ पाहिली नाही, तोही माझ्यासमोर तीच भीती घेऊन बसतो.

आता दुसरं टोक बघा. माझ्या एका पक्षकाराचा मुलगा इंजिनिअर होऊन जर्मनीत स्टुटगार्टला गेला. तिथल्या घराचा करार त्यानं मला फोनवर वाचून दाखवला. कराराची मुदत शोधतोय तर मुदतच नाही! तिथे घर साधारणपणे बेमुदत भाड्यानं देतात. डिपॉझिट तीन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. मालकाला घर हवं असेल तर स्वतःला किंवा घरच्यांना राहायला हवंय, असं कायद्यात बसणारं कारण द्यावं लागतं, आणि भाडेकरू जितका जुना तितकी नोटीस लांब: आठ वर्षं झाली असतील तर नऊ महिने. भाड्याचेही दोन प्रकार, थंड आणि गरम. हीटर-पाण्यासकट ते गरम. स्वयंपाकघराचा ओटा-कपाटं पुष्कळदा भाडेकरूच आणतो आणि जाताना उचलून नेतो. भाड्याच्या घरात माणूस ओटा बसवतो, यात सगळं आलं. तिथे ‘बसणं’ ही तक्रार नाही, तो कराराचाच भाग आहे. आणि मालकही रडत नाही, कारण भाडं आजूबाजूच्या दराप्रमाणे मर्यादेत वाढवता येतं आणि थकवणाऱ्याला काढता येतं.

दक्षिण कोरियात ‘जॉन्से’ नावाची पद्धत आहे. घराच्या किमतीच्या निम्मी, कधी त्याहूनही जास्त रक्कम मालकाला एकरकमी द्यायची, महिन्याचं भाडं शून्य, मुदत संपली की रक्कम जशीच्या तशी परत. मुंबईकर याला ‘हेवी डिपॉझिट’ म्हणतील. आमच्याकडचा शेतकरी लगेच म्हणेल, “हे तर ताबेगहाण!” पैशांचा वापर तुझा, जमिनीचा वापर माझा. घरांचे भाव पडले तेव्हा तिथल्या काही मालकांना रक्कम परत देता येईना, फसवणुकीही उघड झाल्या, आणि 2023 मध्ये खास कायदा करावा लागला. गहाणाचा धडा सगळीकडे सारखाच. सिंगापूरमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास कुटुंबं घरमालक, पण बहुतेकांचं घर सरकारनं 99 वर्षांच्या पट्ट्यानं दिलेलं. वकिलाच्या चष्म्यातून पाहिलं तर तोही लांब मुदतीचा भाडेकरूच.

आणि आपली मालकी? शेवगाव-पाथर्डी भागातलं ऊसतोड कुटुंब दिवाळी झाली की कोयता घेऊन निघतं आणि पाच-सहा महिने उसाच्या फडाजवळ कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतं. 2011 च्या जनगणनेची घरयादी झाली 2010 च्या उन्हाळ्यात, माणसं परत आल्यावर. गावात दोन पत्र्यांची खोली आहे, म्हणजे रकान्यात ‘मालकीचे’. अर्धं वर्ष जिथे संसार होतो ती कोपी ना मालकीची, ना भाड्याची. दुसरीकडे, शिक्षक घरभाडे भत्ता घेतात पण शाळेच्या गावी राहत नाहीत, यावर 2022 मध्ये विधानसभेत मोठा वाद झाला. त्यांची बाजू घ्यायची म्हणून नाही, पण ज्या गावात भाड्यानं द्यायची म्हणून बांधलेली एक खोली नसते, तिथे बदलून आलेल्या माणसानं राहावं कुठे, हाही प्रश्न विचारायला हवा होता.

माझं म्हणणं एवढंच: भाडेकरू किती, यावरून देशाची गरिबी मोजता येत नाही. त्यावरून मोजता येतो तो मालक आणि भाडेकरू यांच्यातल्या कागदावरचा विश्वास. आपला अकरा महिन्यांचा बॉण्ड हा विश्वासाचा कागद नाही. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, ते टाळायला काढलेली ती पळवाट आहे.

आणि ती पळवाटही बुजलेली आहे. हडपसरला फ्लॅट असलेला आमचा एक पक्षकार नोटरी केलेला बॉण्ड घेऊन आला होता. भाडेकरू भलत्याच अटी सांगत होता. त्याला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 वाचून दाखवलं. या कायद्याखाली करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, ती जबाबदारी मालकाची, आणि तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. ज्या कागदाच्या जिवावर तो निर्धास्त होता, त्यानंच घात केला होता. उलट, नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्सचा करार असेल तर मुदत संपल्यावर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून घर परत मागता येतं, आणि न सोडणाऱ्याला दुप्पट भाडं भरावं लागतं.

यंदा दिवाळीत गावी आलात आणि पुण्यातल्या नाहीतर नगरमधल्या बंद फ्लॅटचा विषय निघाला, तर एवढं करा. घर भाड्यानं द्या. करार तीन वर्षांचा करा, दरवर्षीची वाढ त्यातच लिहा, डिपॉझिट दोन-तीन महिन्यांपेक्षा जास्त मागू नका. नोंदणी आता आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या होते. आणि भाडेकरूंनो, दर महिन्याची पावती मागून घ्या, ती जपून ठेवा. अकरा महिन्यांचा बॉण्ड मागायला माझ्याकडे आलात, तर मी हेच सांगणार आहे.