शिगेलाने काय टाकले, काय घेतले

फराळाचे ताट शेजारी असेल तर हा लेख जरा नंतर वाचा. विषय रक्ती आवेचा आहे.

आमच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जुलाबाच्या रुग्णाचा नमुना मॅकॉन्की आगारवर पसरतात आणि दुसऱ्या दिवशी प्लेट बघतात. गुलाबी वसाहती म्हणजे बहुधा ई. कोलाय, आपल्या आतड्यातला नेहमीचा रहिवासी. रंगहीन वसाहती दिसल्या की सावध व्हायचे, कारण तो शिगेला असू शकतो. गुलाबी रंग लॅक्टोज आंबवल्यामुळे येतो आणि शिगेलाच्या बहुतेक प्रकारांना ते जमत नाही. १८९७ साली जपानमधल्या रक्ती आवेच्या मोठ्या साथीत कियोशी शिगा यांनी हा जिवाणू शोधला. पुढे त्याला स्वतंत्र नाव मिळाले. डीएनए वाचता येऊ लागल्यावर मात्र उघड झाले की हा ई. कोलायच आहे, आणि ई. कोलायच्या वंशवृक्षावर वेगवेगळ्या फांद्यांतून तो एकाहून अधिक वेळा निपजला आहे.

प्रत्येक वेळी सुरुवात बाहेरून आलेल्या जनुकांनी झाली. सुमारे २,२०,००० अक्षरांचे एक मोठे प्लाझ्मिड, म्हणजे गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे सुटे वर्तुळ, त्याला मिळाले. त्यावर आतड्याच्या पेशींत प्रथिने टोचणाऱ्या सूक्ष्म सुईची सारी जनुके आहेत. ते प्लाझ्मिड काढून टाकले की शिगेलाला पेशीत शिरता येत नाही.

पण नुसते घेऊन भागत नाही. ई. कोलायचे काही वाण हेच प्लाझ्मिड बाळगतात, रक्ती आवही आणतात. तरी त्यांना आजार घडवायला पुष्कळ जिवाणू पोटात जावे लागतात. शिगेलाला १० ते १०० पुरतात. वाटेत त्याने काही जनुके गमावली आहेत, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे.

बहुतेक ई. कोलाय लायसिनपासून कॅडाव्हरिन बनवतात. शिगेला बनवत नाही. १९९८ साली अँथनी मॉरेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ई. कोलायचे ते हरवलेले जनुक शिगेलात परत घातले, तेव्हा त्याच्या विषाचा जोर ओसरला. म्हणजे पूर्वी निरुपद्रवी असलेले जनुक नव्या धंद्यात अडसर ठरत होते. निरनिराळ्या शिगेला-वंशांत ते निरनिराळ्या रीतीने मोडले आहे: कुठे डीएनएचा तुकडाच गळाला, कुठे उड्या मारणाऱ्या डीएनएने त्याची वाट लावली. एकच घर इतक्या वेगळ्या वाटांनी पाडले जाते तेव्हा योगायोगाचा संशय उरत नाही. निअॅसिनपासून बनणारे सहविकर स्वतः तयार करण्याची सोयही त्याने सोडली. पेशीत निअॅसिन आयते मिळते, शिवाय त्या प्रक्रियेतला एक मधला पदार्थ त्याच्या आक्रमणाला मारक असतो. शेपट्याही गेल्या, आपली प्रतिकारशक्ती त्यांचे प्रथिन चटकन ओळखते.

सगळीच हानी अशी फायद्याची नसते, हेही सांगायला हवे. मोजक्या जिवाणूंपासून नवा संसर्ग सुरू होतो, तेव्हा निवडीची चाळणी सैल पडते आणि किरकोळ बिघाड तसेच पुढे जातात. शिगेलाच्या जीनोममध्ये अशी शेकडो मोडकी जनुके पडून आहेत. विद्यार्थी याला ऱ्हास म्हणतात. मी खोडून काढतो. एवढ्या कमी जिवाणूंनी माणूस आजारी पाडणाऱ्याला ऱ्हास पावलेला कसे म्हणावे?

आणि घेण्याची सवय त्याने सोडलेली नाही. १९५०च्या दशकात जपानमध्ये स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि सल्फा या चारही औषधांना एकदम न जुमानणारा शिगेला आढळू लागला. त्याच रुग्णांच्या आतड्यातला ई. कोलायही तसाच निघाला. १९५९ साली जपानी संशोधकांनी दाखवले की दोघांना नुसते एकत्र वाढवले तरी ही प्रतिकारक्षमता एकाकडून दुसऱ्याकडे जाते. एकामागून एक उत्परिवर्तने होण्याची वाट कोणी पाहिलीच नव्हती. चारही जनुके एकाच प्लाझ्मिडवरून येत होती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४च्या प्राधान्य यादीत फ्लुरोक्विनोलोन गटाच्या औषधांना दाद न देणारा शिगेला आहे.