भद्रावतीचे माठ

चंद्रपूरहून नागपूरच्या रस्त्याला लागले की तासाभराच्या आत भद्रावती येते. विजासनची लेणी आणि जैन मंदिर पाहायला लोक येथे येतात. आम्ही मे महिन्यात सहकुटुंब गेलो ते माठ आणायला. पारा 45 च्या पुढे होता.

मातीकामासाठी हे गाव नावाजलेले. गांधीजींच्या प्रेरणेने कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी येथेच ग्रामोदय संघ उभारला.

एका म्हाताऱ्या कुंभाराच्या अंगणात आम्ही थांबलो. चाकावरून उतरलेले मडके ओलसर असतानाच ते आतून गोटा धरून बाहेरून थापीने ठोकत होते. त्याने मडक्याचे पोट फुगते, अंग पातळ होते. भाजल्यावरही मातीत बारीक छिद्रे राहतात. त्यांतून पाणी पाझरते, वाऱ्याने उडून जाते आणि आतली उष्णता सोबत नेते. माठाच्या गारव्याचे गुपित एवढेच.

मुलांची नजर मात्र फळीवरच्या रंगीत फुलदाणीवर गेली. तिच्यावर माणसाचा चेहरा घडवला होता. थोरल्याने वाचलेले सांगितले, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात दीड हजार वर्षांपूर्वी मोचे लोक अशी भांडी करीत. त्यांच्याकडे चाक नव्हते. साच्यात माती दाबून ते हुबेहूब चेहरे काढत, लाल आणि पांढरट रंगांनी रंगवत. यांतली बरीच भांडी कबरींत मिळाली.

धाकटीने फुलदाणीचा हट्ट धरला. अम्मी म्हणाल्या, “बेटा, चेहरा घडवणारा अल्लाह. सूरह रहमानमध्ये नाही का, माणूस खणखणत्या मातीचा केला म्हणून? आपण माठच घेऊ.”

आम्हाला वाटले, कुंभाराला वाईट वाटेल. ते हसले. “अम्मा, चेहऱ्याची भांडी शहरात खपतात, त्यावरच घर चालतं. माठ न्यायला आता कोण येतं? घरोघरी फ्रिज आहे. पोरगा कोळसा खाणीत जातो. माझ्यामागं या चाकावर कोणी बसणार नाही.”

अम्मी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊ, दोन द्या.” भावात घासाघीस केली नाही.

एक माठ आमच्या स्वयंपाकघरात आहे. दुसरा फाटकाबाहेर कडुलिंबाखाली, मरहूम अब्बांच्या नावाने सदका म्हणून ठेवला आहे. रोज फजरनंतर धाकटीच तो भरते. उन्हातून येणारा कोणीही तेथे थांबतो, पाणी पितो आणि पुढे जातो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा भद्रावतीला जायचे आम्ही ठरवले आहे.